डिझेल वाढतं, भाडं तिथंच राहतं: दर कुठे ठरतो, फटका कुणाला बसतो आणि गाडीवाल्याच्या हातात काय आहे

डिझेल दोन-चार रुपयांनी वाढलं की पहिला राग निघतो तो पंपावरच्या पोरावर. खरं तर त्या पोराच्या हातात काही नसतं, पंपमालकाच्याही नसतं. दर ठरतो दुसरीकडे आणि त्याचा भार पडतो तो पिकअप, छोटा हत्ती, आयशर, दहाचाकी आणि ट्रॅक्टर चालवून घर चालवणाऱ्यांवर. ज्याचं भाडं आधीच ठरलेलं असतं, त्याला तर वाढ थेट आपल्या खिशातून भरावी लागते.

डिझेलचा दर नेमका कसा बनतो, तो आजवर कसा बदलत गेला, वाढीचा फटका कुणाला किती बसतो आणि गाडीवाल्यानं काय करावं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे. यातले कराचे आकडे एप्रिल २०२५ मधल्या बदलानंतरचे आहेत. सरकार ते केव्हाही बदलू शकतं, म्हणून आपला हिशेब करताना त्या दिवसाचा दर धरावा. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

एक लिटर डिझेलचा दर कसा बनतो?

पंपावर जो आकडा दिसतो, तो चार भागांचा मिळून बनतो.

पहिला भाग तेलाचा. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. हे तेल डॉलरमध्ये घ्यावं लागतं. त्यामुळे तेल महागलं तरी दर वाढतो आणि तेल तेवढंच राहून रुपया घसरला तरीही वाढतो. कच्च्या तेलाचा भाव बॅरलमध्ये सांगतात, एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडचा दर ठरवताना नुसत्या कच्च्या तेलाचा भाव बघत नाहीत, तर आंतरराष्ट्रीय बाजारात तयार डिझेल काय भावानं विकलं जातंय तेही बघतात. म्हणून कधी कधी कच्चं तेल उतरलेलं असतं, पण तयार डिझेलचा भाव चढाच असतो.

दुसरा भाग केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्काचा. हे शुल्क टक्क्यांत नाही, लिटरमागे ठरलेल्या रुपयांत आहे. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर ते डिझेलवर लिटरला १७ रुपये ८० पैसे झालं. त्यात मूळ शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे आहे. बाकीचे १६ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि रस्ता उपकर या नावानं घेतले जातात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण केंद्राच्या करातला जो वाटा राज्यांना मिळतो, तो मूळ शुल्कातून मिळतो. उपकर आणि अधिभाराची रक्कम या वाटपात येत नाही.

तिसरा भाग राज्याच्या व्हॅटचा. महाराष्ट्रात डिझेलवर २१ टक्के व्हॅट आहे. पूर्वी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तो २४ टक्के होता. १ जुलै २०२४ पासून तो तिथेही २१ टक्के केला. व्हॅट लागतो तो केंद्राचं शुल्क धरून झालेल्या किमतीवर, म्हणजे करावर कर.

चौथा भाग वाहतूक आणि डीलरच्या कमिशनचा. डीलरचं कमिशन लिटरमागे ठरलेलं असतं. डिझेल वाढलं म्हणून पंपवाल्याला त्या प्रमाणात जास्त मिळतं असं होत नाही. उलट जुन्या दरानं टँकर भरून घेतला आणि रात्रीत दर उतरला, तर तोटा त्याला सोसावा लागतो.

गोल आकड्यांचा हिशेब

समजण्यासाठी सोपे आकडे धरू. तेल, वाहतूक आणि डीलर कमिशन मिळून लिटरला ५६ रुपये झाले, असं समजा.

- तेल, वाहतूक, कमिशन: ५६.०० रुपये
- केंद्राचं शुल्क: १७.८० रुपये
- बेरीज: ७३.८० रुपये
- त्यावर २१ टक्के व्हॅट: १५.५० रुपये
- पंपावरचा दर: ८९.३० रुपये

म्हणजे ८९ रुपयांच्या लिटरमध्ये केंद्र आणि राज्य मिळून ३३ रुपये ३० पैसे कर झाला. शंभर रुपयांचं डिझेल टाकलं, तर साधारण ३७ रुपये करात गेले.

यातून आणखी एक गोष्ट कळते. तेलाचा भाव किंवा केंद्राचं शुल्क १ रुपयानं वाढलं आणि ते पूर्ण पुढे ढकललं, तर पंपावर १ रुपया २१ पैसे वाढतात. उतरतानाही तसंच. मे २०२२ मध्ये केंद्रानं डिझेलवरचं शुल्क ६ रुपयांनी कमी केलं, तेव्हा मुंबईत पंपावरचा दर सुमारे साडेसात रुपयांनी उतरला होता.

शेजारच्या तालुक्यात दर वेगळा का?

सगळ्या राज्यात व्हॅट सारखा असूनही एका जिल्ह्यात दर कमी आणि दुसऱ्यात जास्त असतो. याचं मुख्य कारण डेपोपासूनचं अंतर. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच भागाला मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून इंधन जातं, सोलापूर भागाला पाकणीच्या डेपोतून. टँकरला जितकं लांब जावं लागतं, तितकं भाडं दरात मिळतं. राज्यात इंधन सर्वात महाग कुठे, अशी बातमी आली की परभणीचं नाव त्यात बऱ्याचदा असतं, ते या अंतरामुळेच. एकाच गावातल्या दोन कंपन्यांच्या पंपांवरही काही पैशांचा फरक असू शकतो.

राज्याच्या सीमेवर फरक पडतो तो व्हॅटमुळे. शेजारच्या राज्याचा कर कमी असेल तर इकडचे गाडीवाले सीमा ओलांडून टाकी फुल्ल करून येतात आणि इकडच्या पंपांचा धंदा बसतो. पण हा फायदा कायमचा नसतो. कर्नाटकनं जून २०२४ आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवला. त्यावर तिथल्या लॉरी मालकांनी एप्रिल २०२५ मध्ये बंद पुकारला होता.

रोज सकाळी सहा वाजता: दराची आजवरची वाटचाल

डिझेलचा दर पूर्वी सरकार ठरवायचं आणि तो महिनोन् महिने बदलायचा नाही. तोटा सरकार आणि तेल कंपन्या सोसायच्या. ही पद्धत टप्प्याटप्प्यानं मोडली.

- जानेवारी २०१३: किरकोळ डिझेल दर महिन्याला थोडं थोडं, साधारण ५० पैशांनी वाढवायला कंपन्यांना परवानगी.
- ऑक्टोबर २०१४: डिझेलचा दर पूर्णपणे बाजारावर सोडला.
- नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६: जगात तेल स्वस्त होत गेलं, तेव्हा केंद्रानं शुल्क नऊ वेळा वाढवलं. एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर लिटरला ३ रुपये ५६ पैसे असलेलं शुल्क १७ रुपये ३३ पैशांपर्यंत गेलं.
- १६ जून २०१७: देशभर रोज सकाळी सहा वाजता दर बदलण्याची पद्धत सुरू.
- मे २०२०: लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल काही दिवस बॅरलला २० डॉलरच्या खाली गेलं होतं. त्या काळात केंद्रानं एका झटक्यात डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं.
- जून २०२०: दिल्लीत डिझेल पहिल्यांदाच पेट्रोलपेक्षा महाग झालं.
- ऑक्टोबर २०२१: मुंबईत डिझेल शंभरीपार.
- नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२: केंद्राची अनुक्रमे १० आणि ६ रुपयांची शुल्ककपात.
- जुलै २०२२: महाराष्ट्र सरकारकडून डिझेल ३ रुपयांनी स्वस्त.
- मार्च २०२४: तेल कंपन्यांकडून २ रुपयांची कपात.
- एप्रिल २०२५: केंद्राचं शुल्क २ रुपयांनी वाढलं. तेव्हा तेल स्वस्त असल्यानं ही वाढ पंपावर आली नाही, कंपन्यांनीच भरली.

राग नेमका कशाचा?

महागाई सगळ्यांनाच आहे. पण गाडीवाल्यांच्या वैतागामागे तीन ठरावीक कारणं आहेत.

पहिलं, तेल स्वस्त झाल्याचा फायदा पोचत नाही. वरची वाटचाल पाहिली तर हे लक्षात येतं. २०१४ ते २०१६ आणि नंतर २०२० मध्ये जगात तेल पडलं, पण स्वस्ताईचा मोठा वाटा शुल्कात गेला. पुढे एप्रिल २०२२ पासून रोजचा बदल जवळजवळ थांबला. युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं तेव्हा कंपन्यांनी दर धरून ठेवले आणि तोटा सोसला, हे खरं. पण नंतर तेल उतरलं तरी पंपावरचा दर बराच काळ तसाच राहिला. २०२३-२४ या वर्षात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून सुमारे ८१ हजार कोटी रुपये नफा झाला. सरकार आणि कंपन्यांचं म्हणणं असं की आधीचा तोटा भरून काढायचा होता आणि रस्ते, योजना यांना पैसा लागतो. चालकांचं म्हणणं असं की चढताना दर बाजाराचा आणि उतरताना मात्र सरकारचा, असं कसं?

दुसरं, भाडं आधी ठरतं आणि डिझेल नंतर वाढतं. ऊस वाहतुकीचा करार हंगामाच्या आधी होतो आणि गाडी चार-पाच महिने चालते. शाळेच्या गाडीचं भाडं जूनमध्ये ठरतं आणि एप्रिलपर्यंत तेच राहतं. दूध संकलनाच्या गाड्यांचंही बऱ्याचदा तसंच. मधल्या काळात डिझेल वाढलं तर ते कुणी विचारत नाही.

तिसरं, मोठ्याला जे मिळतं ते छोट्याला मिळत नाही. मोठ्या कंपन्यांशी होणाऱ्या वाहतूक करारात डिझेलच्या दराप्रमाणे भाडं बदलण्याची अट असते. एसटी महामंडळाकडेही भाडेवाढीचं ठरलेलं सूत्र आहे, त्यात डिझेलचा दर धरला जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचं भाडं १७ टक्क्यांच्या वर आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढलं. एका गाडीच्या मालकाला, जो स्वतःच चालक असतो, असं कोणतंच सूत्र नाही. त्यानं भाडं वाढवून मागितलं की व्यापारी दुसऱ्या गाडीला फोन लावतो.

मागण्या जुन्याच आहेत. जुलै २०१८ मध्ये देशभरातल्या ट्रकमालकांनी आठ दिवस चक्का जाम केला, त्यात डिझेलचे दर आणि टोल हेच मुख्य मुद्दे होते.

पाच रुपयांनी नेमकं काय बिघडतं?

नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जाणारा पिकअप धरा. येऊन-जाऊन ३३० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज ११, म्हणजे एका खेपेला ३० लिटर डिझेल. भाडं ६,००० रुपये. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, आपल्या गाडीचे आकडे त्यात घालून पाहावेत.

- डिझेल, ३० लिटर, ९० रुपयांनी: २,७०० रुपये
- टोल: ४०० रुपये
- चालकाचा भत्ता, जेवण, हमाली: ७०० रुपये
- टायर, ऑईल, दुरुस्ती: ५०० रुपये
- हप्ता, विमा, पासिंग यांचा एका खेपेवर येणारा वाटा: १,१५० रुपये
- एकूण खर्च: ५,४५० रुपये
- शिल्लक: ५५० रुपये

आता डिझेल ९० वरून ९५ झालं आणि भाडं तेवढंच राहिलं. खर्च १५० रुपयांनी वाढला, शिल्लक ४०० वर आली. डिझेल वाढलं साडेपाच टक्क्यांनी, पण मालकाची शिल्लक कमी झाली २७ टक्क्यांनी. महिन्याला २० खेपा धरल्या तर ३,००० रुपये गेले. बाहेरच्याला पाच रुपये किरकोळ वाटतात. गाडीवाल्याला ते का लागतात, ते या आकड्यात आहे.

परतीला गाडी रिकामी आली, घाटात कोंडी झाली किंवा मार्केटला गाडी खाली व्हायला उशीर झाला, तर ही ४०० रुपयांची शिल्लकही राहत नाही. मग पहिला हात मारला जातो तो देखभालीवर. टायर घासून गुळगुळीत होईपर्यंत चालवायचा, ऑईल पुढच्या महिन्यात बदलायचं, ब्रेकचं काम नंतर बघू म्हणायचं. काही जण जास्त माल भरतात. अशा काटकसरीतून पुढे अपघात किंवा मोठा दंड होतो आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात. ज्यांच्याकडे बीएस-६ गाड्या आहेत, त्यातल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांना डिझेलशिवाय युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, लागतं. तोही खर्च हिशेबात धरावा.

शेतकऱ्यापर्यंत ही वाढ कशी पोचते?

डिझेलवाढ फक्त गाडीवाल्यापुरती राहत नाही. शेतमाल बाजारात गेला की वाहतुकीचं भाडं बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलं जातं. उसाचंही तेच आहे. महाराष्ट्रात एफआरपीमधून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करून शेतकऱ्याला पैसे मिळतात. वाहतूक महागली की हातात येणारी रक्कम कमी होते.

मशागतीचंही तसंच. ट्रॅक्टर रोटाव्हेटरला तासाला ५ लिटर खात असेल, तर डिझेल ५ रुपयांनी वाढलं की तासाला २५ रुपये खर्च वाढतो. पण एकरी दर वाढताना बऱ्याचदा शंभर-दोनशेनं वाढतो आणि डिझेल उतरल्यावर खाली येत नाही. म्हणून शेतकरी आणि ट्रॅक्टरमालक दोघांनीही लिटरचा हिशेब मांडूनच दर ठरवावा. त्यात भांडणं कमी होतात.

काही घटकांना सवलत आहे. महाराष्ट्रात मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. मालवाहतुकीच्या गाडीला असा परतावा नाही.

जीएसटीत आणलं तर?

ही मागणी सगळ्यात जास्त ऐकू येते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन बाहेर ठेवलं गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं हा विषय घेतला, पण आता ती वेळ नाही असं ठरलं. कारण उघड आहे. केंद्र आणि राज्यं दोघांच्याही तिजोरीत इंधनातून मोठा पैसा येतो आणि तो सोडायला कुणी लवकर तयार होत नाही.

वाहतूकदारांचा याबाबत एक व्यवहारी मुद्दाही आहे. टायर, सुटे भाग यांवर भरलेल्या जीएसटीचा परतावा नियमात बसणाऱ्या वाहतूक कंपनीला घेता येतो. डिझेल बाहेर असल्यामुळे त्यावर भरलेला कर कुठेच वळता होत नाही.

हातात काय आहे? भाड्याला डिझेलचा दर जोडा

सरकारनं कर कमी करावा ही मागणी आपल्या जागी आहे. पण उद्याच्या खेपेपुरतं गाडीवाल्याच्या हातात एक गोष्ट नक्की आहे, ती म्हणजे भाडं ठरवताना डिझेलचा दर लिहून ठेवणं. मोठ्या कंपन्या हेच करतात.

सूत्र सोपं आहे. डिझेल जितके रुपये वाढलं, त्याला गाडीच्या अ‍ॅव्हरेजनं भागा. जो आकडा येईल तितकी वाढ दर किलोमीटरला.

डिझेल १ रुपयानं वाढलं तर:

- अ‍ॅव्हरेज ११ ची पिकअप: किलोमीटरला ९ पैसे, १०० किलोमीटरला ९ रुपये
- अ‍ॅव्हरेज ७ ची आयशर: किलोमीटरला १४ पैसे, १०० किलोमीटरला १४ रुपये
- अ‍ॅव्हरेज ४ ची दहाचाकी: किलोमीटरला २५ पैसे, १०० किलोमीटरला २५ रुपये

करार कागदावर नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुरे: “आज ठरलेलं भाडं डिझेल ९० रुपये धरून आहे. दोन रुपयांपेक्षा जास्त फरक पडला तर एका रुपयामागे किलोमीटरला ९ पैसे कमी-जास्त करू.” समोरच्यानं त्यावर होकार दिला की पुढे बोलायला आधार राहतो. “कमी-जास्त” हे शब्द मुद्दाम ठेवावेत. डिझेल उतरल्यावर भाडं कमी करणारा गाडीवाला वाढ मागतो, तेव्हा व्यापारी ऐकतो.

एकट्यानं मागितलं तर व्यापारी दुसरी गाडी बघेल, ही भीती खरी आहे. म्हणून गावातल्या किंवा मार्केटमधल्या गाडीवाल्यांनी मिळून अट ठेवली तर ती टिकते. ऊस वाहतुकीच्या करारात, दूध संकलनाच्या आणि शाळेच्या गाडीच्या बोलणीतही ही अट घालता येते, फक्त ती हंगाम सुरू होण्याच्या आधी मांडावी लागते. हंगामाच्या मध्यात कुणी करार बदलत नाही.

यासाठी अ‍ॅव्हरेज अंदाजानं सांगून चालत नाही. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसलं ते पाहा. चाललेल्या किलोमीटरला लिटरनं भागलं की अ‍ॅव्हरेज निघतं. असं तीन-चार वेळा केलं की खरा आकडा कळतो. तो अचानक घसरला तर एअर फिल्टर, इंजेक्टर, टायरची हवा किंवा ब्रेक धरतोय का, ते बघून घ्यावं.

डिझेल कमी कसं लागेल?

- टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा ठेवा. हवा कमी असली की गाडी जड चालते.
- गाडी भरताना, उतरवताना आणि फाटकावर इंजिन बंद ठेवा.
- वेग एकसारखा ठेवा. जोरात पळवून ब्रेक मारण्यात डिझेल जातं.
- क्लचवर पाय ठेवून चालवू नका.
- परतीचं भाडं आधी बोलून ठेवा. रिकाम्या खेपेएवढं महाग डिझेल कुठलंच नाही.

सकाळी लवकर भरलं तर डिझेल जास्त येतं किंवा १०० ऐवजी ११० रुपयांचं टाकलं तर मीटरमधली चलाखी टळते, हे समज आहेत. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही.

स्वस्तात मिळणारं, टँकरमधून किंवा रस्त्याकडेला विकलं जाणारं “बायोडिझेल” घेऊ नका. त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते. बीएस-६ गाडीचा इंजेक्टर किंवा पंप गेला तर वाचवलेले पैसे एका दुरुस्तीत जातात.

पंपावर तुमचे हक्क

- भरण्याआधी मीटर शून्यावर आहे का ते बघा आणि नोजल निघेपर्यंत नजर ठेवा.
- माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या प्रमाणित मापानं मोजून मागा. प्रत्येक पंपावर ते माप ठेवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापेक्षा कमी आलं तर तक्रार होते.
- भेसळीची शंका असेल तर घनता तपासून मागा. पंपावर हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतो. १५ अंश तापमानाला काढलेली घनता नोंदवलेल्या घनतेपेक्षा ३ एककांहून जास्त वेगळी नसावी.
- हवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचाराची पेटी या सोयी मोफत आहेत.
- तक्रारवही मागितल्यावर द्यावी लागते. बिल घेऊन ठेवा, नाहीतर तक्रार टिकत नाही.

कोणती तक्रार कुठे करायची?

माप कमी मिळालं तर राज्याच्या वैधमापनशास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे. भेसळ किंवा सोयींबाबत त्या तेल कंपनीकडे, पंपावरच्या फलकावर तिच्या अधिकाऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. दोन्हीकडे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर.

व्हॅट कमी करायचा निर्णय राज्य सरकारचा, म्हणून ते निवेदन आमदार आणि पालकमंत्र्यांकडे. उत्पादन शुल्काचा निर्णय केंद्राचा, ते निवेदन खासदारांकडे. तहसीलदारांना दिलेलं निवेदन वर पाठवलं जातं, पण त्यात शुल्क आणि व्हॅट वेगवेगळे मांडले नाहीत तर केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवून मोकळं होतं. निवेदनात आपल्या गाडीचा एका खेपेचा हिशेब जोडावा. “डिझेल महागलं” या नुसत्या तक्रारीपेक्षा, साडेपाच टक्के वाढीनं शिल्लक २७ टक्क्यांनी घटली, हे दाखवणारा कागद जास्त काम करतो.

आणि भाड्याची तक्रार व्यापारी, कारखाना किंवा संस्थेकडेच, तीही करार होण्याआधी. पुढचं भाडं ठरवायला बसाल तेव्हा तीन आकडे सोबत ठेवा: गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज, एका खेपेचा एकूण खर्च आणि त्या दिवसाचा डिझेलचा दर.